अडीच डॉलरची बरणी आणि साडेतीनशे डॉलरची फी

आजचा भाग आहे अमेरिकेतल्या तुरुंगांवर. तुरुंग म्हटलं की आपल्याला मारामाऱ्या, भिंतीतलं भगदाड, पळून जाणारा हिरो असं सगळं आठवतं. सिनेमांचा परिणाम! आज त्यातलं काहीच नाही. आज एक अर्ज आहे, त्या अर्जावरची फी आहे आणि तो फेटाळला गेला तर पुढे काय होतं याचा इतिहास आहे. विषय रुक्ष वाटेल, पण शेवटपर्यंत थांबा. कोणाचं म्हणणं ऐकलं जाणार आणि कोणाचं नाही, हे कधीकधी भल्यामोठ्या तत्त्वांपेक्षा फीच्या आकड्यावर ठरतं.

सुरुवात करू पीनट बटरपासून.

बरणीची गोष्ट

साल १९९५. अमेरिकेच्या सिनेटमध्ये बॉब डोल हे बडे नेते एक विधेयक मांडतात. त्यांचं म्हणणं असं, की कैदी उठसूट कोर्टात जातात आणि वाट्टेल त्या गोष्टींवर दावे लावतात. उदाहरणं कोणती? सामान ठेवायला कपाट पुरत नाही. तुरुंगातल्या न्हाव्यानं केस वाकडे कापले. निघून जाणाऱ्या कर्मचाऱ्याच्या पिझ्झा पार्टीला बोलावलं नाही. आणि सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे मऊ पीनट बटर हवं असताना दाणेदार दिलं, म्हणून दावा!

आता हे ऐकून कोण हसणार नाही? वर्तमानपत्रांत, टीव्हीवर, भाषणांत ती बरणी फिरत राहिली. अनेक राज्यांच्या ॲटर्नी जनरलनी, म्हणजे सरकारच्या मुख्य वकिलांनी, अशा 'फालतू' दाव्यांच्या याद्याच काढल्या होत्या. आपल्याकडे एखादा फॉरवर्ड फिरतो ना, तसंच. हसायचं आणि पुढे पाठवायचं. मूळ कागद कोण बघतो?

एका माणसानं बघितला. जॉन न्यूमन हे तेव्हा न्यूयॉर्क भागातल्या फेडरल अपील न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश. त्यांनी १९९६ मध्ये एक लेख लिहून या गाजलेल्या उदाहरणांची मूळ प्रकरणं तपासली. पीनट बटरच्या प्रकरणात निघालं ते असं. कैद्यानं तुरुंगाच्या कॅन्टीनमधून दोन बरण्या मागवल्या होत्या. त्यातली एक चुकीची आली, ती त्यानं परत केली. बदली बरणी मिळण्याआधीच त्याला दुसऱ्या तुरुंगात हलवलं. बरणी गेली, आणि तिचे अडीच डॉलर त्याच्या खात्यातून कापले गेले ते गेलेच. त्याची तक्रार त्या पैशांची होती. चवीचा प्रश्नच नव्हता.

अडीच डॉलरसाठी कोणी कोर्टात जातं का, असं तुम्ही म्हणाल. प्रश्न रास्त आहे. न्यूमनही त्याला मोठा खटला म्हणत नव्हते. पण तुरुंगात तासाला काही सेंट मजुरी मिळते, आणि टेक्सस, जॉर्जिया, आर्कान्सास अशा राज्यांत बहुतेक कामांना मजुरीच नसते. तिथं अडीच डॉलर म्हणजे बरेच दिवस असतात.

न्यूमन यांनी तपासलेल्या आणखी एका प्रकरणात कैद्यांनी म्हणे सॅलड मिळत नाही म्हणून दावा लावला होता. प्रत्यक्षात तो तुरुंगातली गर्दी, हवेची सोय, अपुरं आणि दूषित अन्न अशा गंभीर तक्रारींचा मोठा दावा होता. सॅलड त्यात कुठेतरी ओझरतं आलं होतं.

म्हणजे विनोद खरा नव्हता. पण त्याच्या जोरावर झालेला कायदा अगदी खरा आहे आणि आजही लागू आहे. त्या कायद्याकडे येण्याआधी जरा मागे जाऊ.

नादारीचा इतिहास

'शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये' असं आपल्याकडे म्हणतात. त्यामागं वेळ आणि मनस्ताप आहेच, पण पैसाही आहे. पायरी चढायचीच फी असते. मग ज्याच्याकडे फी नाही त्यानं काय करायचं?

हा प्रश्न फार जुना आहे. इंग्लंडमध्ये सातव्या हेन्रीच्या काळात, १४९५ साली, गरिबांना फी न भरता दावा लावता यावा म्हणून कायदा झाला. त्याच परंपरेतून अमेरिकी काँग्रेसनं १८९२ मध्ये फेडरल न्यायालयांसाठी कायदा केला. माणसानं शपथेवर सांगायचं, की माझ्याकडे फी भरायला पैसे नाहीत, मग न्यायालय फी माफ करणार. घरातल्या आजी-आजोबांना विचारा, त्यांच्या वेळी शाळेत गरीब मुलाची फी माफ झाली की 'नादारी मिळाली' म्हणायचे. ही कोर्टातली नादारी. त्यातही गैरवापराचा विचार होता. दावा फालतू किंवा खोडसाळ असेल तर न्यायाधीश तो फेटाळू शकत होते.

पण कैद्यांचा प्रश्न फीच्या आधीचा होता. त्यांना हक्क आहेत हेच मान्य नव्हतं. १८७१ मध्ये व्हर्जिनियाच्या सर्वोच्च न्यायालयानं रफिन नावाच्या कैद्याच्या खटल्यात म्हटलं, की शिक्षा भोगणारा माणूस त्या काळापुरता राज्याचा गुलाम असतो. तारखेकडे लक्ष द्या. गुलामगिरी संपून जेमतेम सहा वर्षं झाली होती.

पुढची कितीतरी वर्षं न्यायालयांचं धोरण 'तुरुंगाचं तुरुंग बघेल' असंच होतं. मिशिगनच्या तुरुंगात तर नियम होता, की कैद्याचा अर्ज कोर्टात जाण्याआधी अधिकारी बघणार, नीट लिहिलाय असं त्यांना वाटलं तरच पुढे जाणार. ज्यांच्याविरुद्ध तक्रार, पोस्टमनही तेच! क्लीओ हल नावाच्या कैद्याचा अर्ज असाच अडवला गेला. १९४१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की कोर्टात जाण्याचा कैद्याचा हक्क राज्याला असा अडवता येणार नाही. गंमत बघा, हलचा स्वतःचा अर्ज मात्र त्याच निकालात नामंजूर झाला. तो हरला, पण त्याच्यामुळे दार उघडलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.

चार डॉलर आणि एक पेन्सिल

दार उघडलं, पण दारावर फी होतीच. आयोवा राज्यात हेबियस कॉर्पसचा अर्ज, म्हणजे 'मला बेकायदा डांबून ठेवलंय, तपासा' असा अर्ज दाखल करायची फी होती चार डॉलर. चार डॉलर नसतील तर अर्ज दाखलच होणार नाही. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्मिथ विरुद्ध बेनेट या खटल्यात ही अट उडवून लावली. स्वातंत्र्य मागायचा हक्क श्रीमंताला आहे आणि गरिबाला नाही, असं चालणार नाही, असा त्याचा अर्थ.

लगेच पुढच्या वर्षी, १९६२ मध्ये, फ्लोरिडाच्या तुरुंगातून सर्वोच्च न्यायालयात एक अर्ज आला. तुरुंगाच्या कागदावर, पेन्सिलीनं लिहिलेला. लिहिणारा क्लॅरन्स अर्ल गिडियन. पनामा सिटी गावातल्या पूल खेळायच्या अड्ड्यात घुसून चोरी केल्याचा त्याच्यावर आरोप होता. त्यानं खटल्यात वकील मागितला, मिळाला नाही. स्वतःच बाजू मांडली आणि पाच वर्षांची शिक्षा झाली. त्याच्या अर्जाबरोबर नादारीचा अर्जही होता. फी शून्य. १८ मार्च १९६३ ला निकाल लागला, की गंभीर गुन्ह्याच्या खटल्यात गरीब आरोपीला सरकारनं वकील दिलाच पाहिजे. गिडियनचा खटला पुन्हा चालला, या वेळी वकिलासह, आणि ज्युरीनं त्याला निर्दोष सोडलं.

अमेरिकेत आज सरकारी खर्चानं वकील मिळणारा प्रत्येक आरोपी त्या पेन्सिलीचं देणं लागतो.

हरलेल्यांनी जिंकलेले खटले

इथून पुढे एक लाटच आली. १९६४ मध्ये थॉमस कूपर हा इलिनॉयमधला कैदी सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. त्याला त्याच्या धर्माची पुस्तकं मिळू देत नव्हते. खालच्या न्यायालयानं त्याचा दावा सुनावणी न करताच फेटाळला, अपिलातही तेच झालं. सर्वोच्च न्यायालयानं एका छोट्याशा आदेशात तो जिवंत केला. त्यानंतर राज्यांच्या तुरुंगांतल्या कैद्यांना, अधिकाऱ्यांनी घटनेतले हक्क मोडले तर फेडरल न्यायालयात दावा लावायची वाट मोकळी झाली.

मग येतो जे. डब्ल्यू. गॅम्बल. टेक्ससचा कैदी. ९ नोव्हेंबर १९७३ ला ट्रकमधून कापसाच्या गठड्या उतरवताना सुमारे ६०० पौंडांची, म्हणजे पावणेतीनशे किलोंच्या आसपासची गठडी त्याच्या अंगावर पडली. पाठ गेली. औषधं मिळाली, पण दुखणं जाईना. काम करायला नकार दिला म्हणून त्याला वेगळं कोंडलं. १९७४ मध्ये त्यानं हातानं लिहून दावा लावला. जिल्हा न्यायालयानं तो फेटाळला. कारण दिलं, 'यातून दावा बनत नाही'.

हे शब्द नीट लक्षात ठेवा. म्हणजे न्यायालय म्हणतं, तू सांगतोस ते सगळं खरं धरलं तरी कायद्यानं त्यावर काही देता येत नाही.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९७६ मध्ये त्यांनी तत्त्व मांडलं, की कैद्याच्या गंभीर आजाराकडे जाणूनबुजून काणाडोळा करणं ही घटनेनं मना केलेली क्रूर शिक्षा आहे. आज अमेरिकेतल्या तुरुंगात औषधपाण्याबद्दल कोणताही वाद झाला, तरी याच निकालाचं नाव घेतलं जातं. आणि गॅम्बल? त्याला १७ वेळा तपासलं होतं, म्हणून डॉक्टरांवरची जबाबदारी त्याच निकालात उडाली आणि पुढे तो हरला. हलसारखंच झालं. माणूस हरला, तत्त्व जिंकलं.

टेक्सासमधलाच डेव्हिड रुईझ. १९७२ मध्ये त्यानं हातानं लिहून दावा लावला. गर्दी, मारहाण, दवाखान्याची अवस्था, आणि काही कैद्यांनाच काठी देऊन इतरांवर राखण करायला लावायची पद्धत, अशा तक्रारी होत्या. न्यायाधीश विल्यम वेन जस्टिस यांच्यापुढं ती सुनावणी १५९ दिवस चालली, ३४९ साक्षीदार तपासले गेले. १९८० मध्ये त्यांनी टेक्ससची सगळी तुरुंगव्यवस्था घटनाबाह्य ठरवली.

दुसरी बाजूही ऐकू

आता न्यायाधीशांच्या खुर्चीत बसून बघा. १९६६ मध्ये राज्यांच्या कैद्यांनी फेडरल न्यायालयांत लावलेले नागरी हक्कांचे दावे होते २१८. १९९५ पर्यंत कैद्यांच्या दिवाणी दाव्यांचा वर्षाचा आकडा जवळजवळ ४० हजारांवर गेला. फेडरल न्यायालयांपुढच्या दिवाणी दाव्यांपैकी साधारण पाचवा हिस्सा. बहुतेक अर्ज वकिलाशिवाय, हातानं लिहिलेले. त्यात खरोखर वेडेवाकडे अर्ज होते. एका कैद्यानं एकट्यानं ६०० हून जास्त दावे लावले होते, आणि तेही नादारीत! फी माफ असेल, वेळ भरपूर असेल आणि हरण्याची किंमत शून्य असेल, तर काही जण खेळ म्हणूनही लिहिणार. न्यायाधीशांचा वैताग खोटा नव्हता.

पण आकड्यामागचा आकडा बघायला हवा. १९६० च्या दशकात अमेरिकेच्या तुरुंगांत साधारण दोन लाख माणसं होती. १९९५ मध्ये ती अकरा लाखांवर गेली, आणि त्यात छोट्या स्थानिक तुरुंगांतली माणसं धरलेली नाहीत. कायद्याच्या प्राध्यापक मार्गो श्लँगर यांनी याचा तपशीलवार अभ्यास केला. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून १९९५ पर्यंत दर हजार कैद्यांमागं दाव्यांचं प्रमाण वाढलेलं नव्हतं. कैदी जास्त भांडकुदळ झाले नव्हते. कैदी जास्त झाले होते.

१९९६: फी परत आली

२६ एप्रिल १९९६ ला अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी एका भल्यामोठ्या खर्चाच्या विधेयकावर सही केली. त्याच्या पोटात कैद्यांच्या दाव्यांना लगाम घालणारा कायदा होता. 'प्रिझन लिटिगेशन रिफॉर्म ॲक्ट' असं त्याचं नाव. त्यात बऱ्याच गोष्टी आहेत, आपण दोनच बघू, फी आणि स्ट्राइक.

आधी फी. बाहेरचा गरीब माणूस नादारीत दावा लावतो, तेव्हा त्याची फी माफ होते. कैद्याची आता माफ होत नाही. हप्त्यांनी वसूल होते. कायदा झाला तेव्हा ही फी १२० डॉलर होती, त्याच वर्षाअखेरीस १५०, मग २५०, आणि २००६ पासून ३५० डॉलर. आजच्या भावानं साधारण तीस हजार रुपये.

वसुली कशी होते बघा. प्रत्येक कैद्याचं तुरुंगात एक खातं असतं. घरच्यांनी पाठवलेले पैसे, मजुरी, सगळं त्यात जमा. त्यातूनच साबण, फोन, पाव, बिस्किटं. समजा मागच्या सहा महिन्यांत त्यात दर महिन्याला सरासरी ३० डॉलर जमा झाले. तर पहिला हप्ता त्याच्या २० टक्के, म्हणजे ६ डॉलर. नंतर दर महिन्याच्या जमेतून २० टक्के, खात्यात १० डॉलरपेक्षा जास्त असतील तेव्हा. महिना सहा डॉलरनी ३५० फेडायला किती दिवस? जवळजवळ पाच वर्षं!

दावा पहिल्याच आठवड्यात फेटाळला गेला तरी हप्ते सुरूच. अपील करायचं तर त्याची फी वेगळी, ती आता ६०० डॉलरच्या वर आहे. आणि दोन दावे असतील तर? २०१६ मध्ये ब्रूस विरुद्ध सॅम्युएल्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं सांगितलं, की प्रत्येक दाव्यामागं २० टक्के एकाच वेळी कापायचे. दोन दावे ४० टक्के. पाच दावे म्हणजे सगळंच गेलं.

कायद्यात एक दिलाशाचं कलम आहे. खात्यात खरोखर काहीच नसेल, तर तेवढ्यासाठी दावा अडवायचा नाही. पण कर्ज डोक्यावर राहतं. आईनं वाढदिवसाला पाठवलेल्या पैशांतून ते वळतं होतं.

तीन स्ट्राइक

आता दुसरी गोष्ट. बेसबॉलमध्ये फलंदाज तीन स्ट्राइकला बाद होतो. आपल्या क्रिकेटवाल्यांना हे विचित्र वाटेल, पण अमेरिकेत हा वाक्प्रचार सगळीकडे चालतो. कायदा म्हणतो, कैद्याचे आधीचे तीन दावे किंवा अपिलं फालतू, खोडसाळ किंवा 'दावा बनत नाही' म्हणून फेटाळली गेली असतील, तर पुढे त्याला हप्त्यांची सवलतही नाही. पूर्ण फी एकरकमी भरा, नाहीतर घरी, म्हणजे कोठडीत, बसा. अपवाद एकच. जिवाला किंवा शरीराला गंभीर इजा होण्याचा धोका समोर उभा असला पाहिजे. कालची मारहाण चालत नाही, धोका अर्ज करताना असायला हवा.

फालतू आणि खोडसाळ हे दोन शब्द समजू शकतात. पण तिसरा शब्द परत वाचा. 'दावा बनत नाही'. गॅम्बलच्या अर्जावर हेच लिहिलं होतं ना?

कायद्याचं शिक्षण नसलेला माणूस कोठडीत बसून लिहितो. कोणतं कलम, कोणता प्रतिवादी, कोणते शब्द, हे चुकलं तरी 'दावा बनत नाही'. प्रामाणिक चूक आणि खोडी यांना एकच शिक्का.

सर्वोच्च न्यायालयानं हे कलम आणखी घट्ट केलं. २०१५ मध्ये कोलमन खटल्यात ठरलं, की फेटाळणीवर अपील चालू असलं तरी स्ट्राइक मोजायचा. म्हणजे गॅम्बलच्या वेळी हा कायदा असता, तर तो अपिलात भांडत असतानाही त्याच्या नावावर एक स्ट्राइक लागलेला असता. २०२० मध्ये लोमॅक्स खटल्यात ठरलं, की न्यायालयानं 'सुधारून पुन्हा दाखल करा' अशी मुभा ठेवून दावा फेटाळला असेल, तरी तो स्ट्राइकच. न्यायमूर्तींचं म्हणणं होतं, की कायद्याचे शब्द स्पष्ट आहेत, आम्ही ते बदलू शकत नाही. शब्दांपुरतं ते बरोबरच होतं. शब्द काँग्रेसचे होते.

अर्ध्या इंचाची दाढी

हे सगळं कागदावरचं वाटत असेल, तर ग्रेगरी होल्टची गोष्ट ऐका. आर्कान्सासचा कैदी, मुस्लिम. त्याला श्रद्धेनुसार दाढी राखायची होती. तुरुंगाचा नियम 'दाढी नाही' असा होता. त्यानं मधला मार्ग सुचवला, फक्त अर्ध्या इंचाची दाढी ठेवतो. तुरुंगानं नाही म्हटलं. कारण? दाढीत काहीतरी लपवता येईल.

सुनावणीत खालच्या न्यायाधीशांनाही होल्टची दाढी बघून हे कारण जवळजवळ हास्यास्पद वाटलं, तसं ते बोललेही. तरीही तुरुंगाच्या अधिकाऱ्यांच्या मताला मान द्यायचा म्हणून शिफारस केली, की दावा फेटाळावा. कोणत्या कारणानं? 'दावा बनत नाही'. जिल्हा न्यायालयानं मान डोलावली, अपील न्यायालयानंही.

होल्टनं सर्वोच्च न्यायालयाला हातानं अर्ज लिहिला. जानेवारी २०१५ मध्ये निकाल लागला, ९ विरुद्ध ०. होल्ट जिंकला. नऊही न्यायमूर्तींना जो दावा खरा वाटला, तो खाली दोन न्यायालयांत 'दावाच नाही' ठरला होता.

होल्टजागी असा माणूस कल्पा, ज्याचे तीन दावे आधीच असे फेटाळले गेलेत. चौथा अर्ज कितीही पक्का असो, दाढीचा हक्क म्हणजे काही जिवावरचा धोका नाही. पूर्ण फी एकरकमी, किंवा गप्प.

सुपातून काय उडालं?

मग कायद्यानं काम केलं का? दावे कमी करणं हेच काम असेल, तर हो, जोरात. श्लँगर यांच्या आकड्यांनुसार २००१ पर्यंत कैद्यांचे दावे १९९५ च्या तुलनेत ४३ टक्क्यांनी घटले, आणि त्याच काळात कैद्यांची संख्या २३ टक्क्यांनी वाढली होती.

पण आपल्या आज्या सुपानं धान्य पाखडायच्या, ते आठवा. फोल उडालं, की सुपात उरलेल्यात दाण्याचं प्रमाण वाढतं. कायद्यानं फक्त फालतू दावे उडवले असते, तर उरलेल्यांत जिंकणाऱ्यांचं प्रमाण वाढायला हवं होतं. श्लँगर यांना तसं दिसलं नाही. म्हणजे सुक्याबरोबर ओलंही जळालं.

हे सगळं फी आणि स्ट्राइकमुळेच झालं असं म्हणता येणार नाही. त्याच कायद्यात आणखी अटी आहेत. कोर्टात जाण्याआधी तुरुंगातली तक्रारीची प्रत्येक पायरी वेळेत पूर्ण करावी लागते. कॅलिफोर्नियात त्यासाठी १५ कामाचे दिवस होते, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की ती मुदत चुकली तर कोर्टाचं दारही बंद. वकिलांना जिंकल्यावर मिळणाऱ्या पैशांवरही मर्यादा आली, म्हणून वकीलही अशी प्रकरणं घेईनात.

तरी फीबद्दल एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. फी दाव्याचं वजन करत नाही, खिशाचं करते. तुरुंगात थोडे पैसे बाळगून असलेला खोडसाळ माणूस ती भरू शकतो. औषध न मिळालेला, घरून दमडी न येणारा माणूस साबण की अर्ज, असा हिशोब करत बसतो.

आपल्याकडे काय?

तुमच्या मनात हा प्रश्न आलाच असणार, म्हणून थोडक्यात. भारतात साधारण त्याच काळात उलटी वाट दिसते. तिहार तुरुंगातल्या सुनील बात्रा या कैद्यानं सर्वोच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींना पत्र लिहिलं, की इथल्या एका वॉर्डरनं दुसऱ्या कैद्याचा अमानुष छळ केलाय. न्यायालयानं ते पत्रच याचिका म्हणून घेतलं. डिसेंबर १९७९ च्या त्या निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर होते, आणि कैद्यांच्या हक्कांवर लिहिताना ते अमेरिकी निकालांचे दाखले मोकळेपणानं देत. पुढे १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं कोठडीतल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदतीचा हक्क दिला. कागदावर आपण पुढे आहोत. पण आपल्या तुरुंगांतले चारपैकी साधारण तीन जण अजून कच्चे कैदी आहेत, खटला संपायची वाट बघणारे. तेव्हा छाती फुगवायचं कारण नाही. तो विषय मोठा आहे, वेगळा भाग करू.

जाता जाता

आज आपण भेटलेल्या माणसांकडे पुन्हा एकदा बघू. हलचा अर्ज तुरुंगानं अडवला होता. कूपरचा दोन न्यायालयांनी फेटाळला होता. गॅम्बलचा 'दावा बनत नाही' म्हणून गेला होता. होल्टचाही तसाच. यातला एकही अर्ज पहिल्या दिवशी मोठा दिसत नव्हता. आणि त्यांतले काही जण शेवटी हरलेही. खालच्या न्यायालयात फेटाळला जाणं हीच जर दाव्याच्या खोटेपणाची खूण मानली, तर यातले बहुतेक खटले इतिहासात आलेच नसते.

फालतू दाव्यांवर उपाय नको, असं कोणी म्हणत नाही. न्यायाधीश ते १८९२ पासून फेटाळत आले आहेत, आणि कैद्यांचे दावे सुरुवातीलाच चाळून घ्यायची सोय १९९६ च्या कायद्यातही आहे. अर्ज वाचून फेटाळणं आणि आधीच्या फेटाळण्या मोजून पुढचा न वाचणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात न्यायाधीश काम करतो. दुसऱ्यात फक्त कॅल्क्युलेटर.

पुढच्या वेळी कोणी 'अमेरिकेत पीनट बटरवरून केस करतात' असा विनोद पाठवला, तर हसा खुशाल. आणि मग त्याला अडीच डॉलरचा हिशोब सांगा.